काल रात्रीचं जेवण

पाळणाघराच्या वहीत आठ रकाने असायचे. मी त्यातले पाच रिकामे सोडायचे.

ताप किती, झोपलं कधी, उठलं कधी, शी कशी झाली, अंघोळ झाली का, काल रात्रीचं जेवण, आज सकाळचं जेवण, घरची खबर. रोज सकाळी हे भरून वही पोराच्या पिशवीत टाकायची. संध्याकाळी तीच वही बाईंच्या लाल शाईतली उत्तरं घेऊन परत यायची. माझ्या नात्सुकोच्या वहीत वर्षभर एकच मजकूर सापडेल, "जेवली. झोपली. शी झाली." सावाझाकीबाईंनी एकदा लाल शाईत विचारलं होतं, "काय जेवली?" मी खाली लिहिलं, "होतं ते." पुन्हा काही त्या भानगडीत पडल्या नाहीत.

चाळीस वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा आमच्या सबाए गावात कुठल्याही गल्लीत उभं राहिलं तरी चाकांची घरघर ऐकू यायची. चष्म्याच्या फ्रेमी. एका घरात काड्यांना बिजागऱ्या बसवायच्या, पलीकडच्या घरात पॉलिश, त्याच्या पुढच्या घरात मुलामा. आणि सगळीकडे बायका. आमच्याकडे बाई कामाला जाते याचं कुणाला कौतुकही नाही आणि कीवही नाही. दिवसाढवळ्या एखादी घरी दिसली तर शेजारीण विचारते, "बरं नाही का गं?" माझी आई बाळंतपणानंतर चाळिसाव्या दिवशी कामावर गेली होती आणि ते तिनं मला निदान चारशे वेळा ऐकवलं होतं. त्यामुळे दमले म्हणायची सोयच नव्हती. म्हणणार कुणाला? ऐकणारीही तेवढीच दमलेली.

आमच्या पॉलिशच्या कारखान्यात आम्ही आठ जणी. माझ्या डाव्या हाताला किनुए बसायची. ती डोंगरातल्या ओनो गावाहून लग्न होऊन आलेली, माझ्याहून चार वर्षांनी लहान. हात असा, की मालक तिची फ्रेम उजेडात धरायचे आणि काही न बोलता खाली ठेवायचे. माझी धरली की म्हणायचे, "तोमिए-सान, चष्मा नाकावर घालायचाय, चिखलात नाही." किनुए चाकाची पट्टी रोज पुसायची, रुमालाची चौघडी घालून मांडीवर ठेवायची, डब्यातले भाताचे गोळेसुद्धा एका मापाचे. माझ्या डब्यात काल उरलेलं जे काही असेल ते. मी तिला म्हणायची, "अगं, हे गोळे काय फूटपट्टी लावून वळतेस?" ती लाजायची. एकदा हळूच म्हणाली, "वाटीनं मापते." मी हसून हसून लाल झाले.

ती माझ्यावर माया करायची, आणि मी तिच्यावर. पाळणाघरानं आयांना पिशव्या शिवून आणायला सांगितल्या होत्या, लांबी इतकी, रुंदी इतकी, बंद दोन. मला सुईत दोरा ओवता येत नाही. किनुएनं तिच्या शुहेईसाठी शिवली, त्याच निळ्या कापडातून माझ्या नात्सुकोसाठीही शिवली, आणि नाव घालायची पट्टी मला दिली, एवढं तरी तुम्ही करा म्हणून. ते काही माझ्याच्यानं झालं नाही. पुढचा सगळा घोटाळा त्या एका पट्टीपायी झाला.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी घरी येऊन पिशवी उघडली तर आत लहान मुलग्याची विजार. पिशव्यांची अदलाबदल झाली होती. वही काढली. वाचायची नव्हती, देवाशपथ, पण उघडली ती उघडलीच. काय अक्षर! आठही रकाने भरलेले. "काल रात्रीचं जेवण" या रकान्यात भाजलेला बांगडा, पालक तिळाच्या वाटणात, मुळा आणि तोफूचं मिसो-सूप. दुसऱ्या दिवशी कोंबडी आणि गाजर शिजवून, भोपळा गोड करून. तिसऱ्या दिवशी आणखी काहीतरी. महिनाभरात एक पदार्थ दुसऱ्यांदा नाही. सावाझाकीबाईंनी खाली नुसतं एवढंच लिहिलेलं, "शुहेई आज छान खेळला. आईनं विश्रांती घ्यावी."

मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "चल, उद्यापासून तिच्याकडेच जेवायला जाऊ." सासूबाई कोतात्सुत, म्हणजे खाली शेगडी असलेल्या मेजाच्या रजईत, पाय घालून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "शिक काहीतरी." माझा चांगलाच तिळपापड झाला.

मग माझं लक्ष तारखेकडे गेलं. बांगडा भाजला तो मंगळवार. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला मी आणि किनुए, पाठीला पोरं बांधून, मांसवाल्याच्या दुकानापुढे रांगेत उभ्या होतो. तिथे बटाट्याचे गरम कोरोक्के तळायचे. मी सहा घेतले. तिनं चार. मग बांगडा कुठून आला?

आता खरं सांगते. तेव्हा मला तिची दया आली नाही, मला बरं वाटलं. गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं. ही पण आमच्यातलीच! एवढंच मनात ठेवून गप्प बसले असते तर बिघडलं काय असतं? पण माझी जीभ. दुसऱ्या दिवशी दहाच्या चहाला, सगळ्या जणी बसलेल्या असताना, मी तिची पिशवी तिला दिली आणि म्हटलं, "काय गं किनुए, तुझ्या हातचा बांगडा कोरोक्केसारखा लागतो का?"

बाकीच्यांना काही कळलं नाही, तरी त्या हसल्या. आमच्याकडे कुणीही काही बोललं की हसायचे सगळे. किनुए हसली नाही. तिनं पिशवी मांडीवर घेतली, बंद सारखे केले आणि म्हणाली, "तोमिए-सान, चहा गार होतोय."

मला वाटलं, झालं, आता ही खोटं लिहायचं सोडेल. मी तिला ओळखलंच नव्हतं. तिनं लिहायचं सोडलं नाही. जे लिहीत होती ते खरोखर करायला लागली.

पहाटे चारला उठून मासे मुरवून ठेवायची. दुपारी जेवणाच्या सुट्टीत भाजी आणायला धावायची. संध्याकाळी माझ्याबरोबर पाळणाघरापर्यंत यायची आणि तिथून शुहेईला घेऊन जवळजवळ पळत घरी. मांसवाल्याच्या रांगेत मी एकटीच. मी म्हणायची, "अगं, ये ना, आज कोबीही फुकट देतोय." ती म्हणायची, "नको, आज मासा आहे." नवऱ्यानं तिच्याकडे असलं काही मागितलं असेल म्हणाल तर मुळीच नाही. तो बिचारा मुलाम्याच्या कारखान्यात होता, गरम भातावर कच्चं अंडं आणि थोडा सोया सॉस मिळाला तरी देवाचे आभार मानणारा. तिचा छळ करणारं त्या घरात कुणीच नव्हतं, ती सोडून.

माझ्या घरी सासू होती, तिला नव्हती, हेही खरं. सासूबाई टोमणे मारायच्या, पण नात्सुकोला अंघोळही घालायच्या. पण ते बाजूला ठेवलं तरी उरतंच. दोघींचं काम एक, तास तेवढेच, पोरं एका वयाची. मी रात्री उशीला डोकं टेकलं की मेले. ती मला सांगायची की तिला छातीत चाक फिरल्यासारखं वाटतं, मालकांनी बटण बंद केलं तरी थांबत नाही. मी म्हणायची, "इतकं मनाला लावून घेऊ नये." काय अक्कल! लावून घेऊ नये म्हणे. ती काय मुद्दाम लावून घेत होती? ज्या स्वभावापायी मालक तिची फ्रेम उजेडात धरून गप्प बसायचे, तोच स्वभाव ती घरी जाताना कारखान्यात ठेवून जाऊ शकत नव्हती. आमचा गलथानपणा आम्ही दोन्हीकडे बरोबर नेतो, तसा तिनं तिचा चोखपणा नेला.

फेब्रुवारीत बर्फ गुडघ्यापर्यंत आला. त्या दिवशी चहानंतर मला डावीकडून जळका वास आला. किनुए एकच फ्रेम चाकावर धरून बसली होती. नाकावरचा दांडा झिजून तारेएवढा झालेला, धातू तापून लाल व्हायचा बाकी, आणि तिची दोन बोटं भाजलेली. मी झडप घालून तिचं चाक बंद केलं.

"किनुए! काय करतेस?"

"अजून डाग दिसतोय," ती म्हणाली.

"कुठे?"

तिनं फ्रेम माझ्यापुढे धरली. डाग नव्हता हो. आरशासारखी लखलखीत फ्रेम होती ती.

मालक आले, बोटं बघितली, ओरडले नाहीत. म्हणाले, "किनुए-सान, आज पाचला घरी जा. जरा आडवी हो." ती वाकून नमस्कार करून गेली. मला वाटलं, वाटेत शुहेईला घेईल, घरी जाऊन पडेल.

साडेसहाला मी पाळणाघरात पोचले. दिवे अर्धे मालवलेले. दाराशी छोट्या बाकावर शुहेई बसला होता. टोपी घातलेली, निळी पिशवी मांडीवर. दीड वर्षाचं पोर ते, रडतही नव्हतं. सावाझाकीबाई म्हणाल्या, "घरी फोन वाजून वाजून बंद होतोय."

नात्सुकोला पाठुंगळीला घेतलं, शुहेईला कडेवर, आणि त्या बर्फातून निघाले. वाटेत मनात नाही नाही ते आलं. त्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत स्वयंपाकघरात धूर काढायचा पंखा घोंघावत होता, म्हणून फोन ऐकू आला नाही. किनुए ओट्यापाशी उभी. बोटांना पट्ट्या. बांगडा भाजून झालेला, पालक पिळून चिरून ओळीत मांडलेला, सूपवर झाकण. तीन वाडगे मांडलेले, त्यातला एक सशाच्या चित्राचा, एवढासा.

ती वळली. "अगं बाई, तोमिए-सान, तुम्ही?" म्हणाली, आणि मग तिची नजर माझ्या कडेकडे गेली. शुहेईनं हात पुढे केले.

ती तिथेच खाली बसली. जमिनीवर. मी पोराला तिच्या मांडीत ठेवलं तर तिचे हात वरच होईनात. ती म्हणाली, "मासा उलटायला नाही विसरले. त्याला विसरले."

तिचा नवरा येईपर्यंत मी बसून राहिले. तो मासा तसाच गार झाला. दुसऱ्या आठवड्यात तिची आई ओनोहून आली आणि तिला, शुहेईला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, झोपून राहा म्हणाले. गावात सांगितलं, थंडी बाधली.

मी सावाझाकीबाईंकडे गेले आणि सगळं ओकले. कोरोक्के, वही, माझा टोमणा. त्या दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. म्हणाल्या, "मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

"कसं?"

"बावीस वर्षं दुपटी बदलतेय मी. पालक खाल्लेलं पोर कुठलं आणि बटाटा खाल्लेलं कुठलं, मला कळत नाही होय? वहीत आई काहीही लिहील, शी खोटं बोलत नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी घडी अर्धी ठेवून माझ्याकडे बघितलं. "बोलले असते तर तिनं खरंच करायला घेतलं असतं, म्हणून."

त्या दिवशी घरी येताना मी रस्त्यात रडले. बर्फ होतं म्हणून कुणाला दिसलं नाही.

एप्रिलमध्ये किनुए परत आली. गालफडं बसलेली, पण डोळे शांत. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "एक मागू? वहीचं कुणाला सांगू नका. कधीच." मी कबूल केलं. मग मी म्हटलं, "मीही एक मागते. उद्यापासून तुझी नवी वही मी लिहिणार." ती नाही नाही म्हणत राहिली. पण रोज सकाळी पाळणाघराच्या दारात मी तिच्या हातातून वही ओढून घ्यायची आणि भिंतीला टेकवून खरडायची, "जेवला. झोपला. शी झाली." ती बाजूला उभी राहून हात चोळायची. तापाच्या रकान्याला मात्र तिनं मला हात लावू दिला नाही, तो आकडा तिचा. सावाझाकीबाईंनी लाल शाईत लिहिलं, "आईचं अक्षर फार सुधारलं."

स्वभावाला औषध नसतं म्हणतात. नसेलही, पण शेजारीण असते. मग वर्षं गेली. मांसवाला गेला, मालक गेले, कारखान्याच्या जागी गाड्या उभ्या करतात. संध्याकाळी कोरोक्के खात चालायचो आम्ही, हात तेलकट, चेहरे काळे, पाठीवर पोरं झोपलेली. किती हसायचो! आता गल्लीतून जाताना कान आपोआप त्या घरघरीची वाट बघतात.

मागच्या डिसेंबरात किनुएकडे गेले होते, मिझु-योकान खायला. लाल चवळीची ती थंडगार वडी आमच्याकडे ऐन थंडीतच खातात. शुहेईचं लग्न उशिरा झालं, बाळ आता अकरा महिन्यांचं. त्याची बायको मिहो फ्रेमी परदेशी पाठवणाऱ्या ऑफिसात आहे, पोरगी गुणी, अगदी चोख. बाळ ऑक्टोबरपासून पाळणाघरात. आता वही नसते, सगळं मोबाइलवर भरायचं.

मिहो आमच्यात येऊन बसली. डोळ्यांखाली काळं. कोतात्सुवर तिनं एक जुनी वही ठेवली, निळ्या पुठ्ठ्याची. मी बघितलं आणि हातातली वडी बशीत परत ठेवली.

"यांना माळ्यावर सापडली," मिहो म्हणाली. "म्हणाले, बघ, आई कामावर जाऊन काय काय करायची. आई, तुम्ही कसं हो जमवत होता? मी तीनदा वाचली. मला एक दिवससुद्धा जमत नाही. काल मी बाळाला घेऊन यायचं सोडून ऑफिसातच रडत बसले होते."

बोलता बोलता ती ओल्या फडक्यानं कोतात्सुचा पाट पुसत होती. एकाच जागी. तिथे काहीच नव्हतं. ती पुसत होती आणि पुन्हा पुसत होती.

माझ्या तोंडात शब्द आला होता, पण वचन दिलेलं. मी किनुएकडे बघितलं. ती त्या हाताकडे बघत होती.

मग ती उठली. चष्मा घातला, पेन आणलं, वही पुढे ओढली. पहिल्या पानावरचा बांगडा तिनं पट्टी धरून एका रेघेनं खोडला आणि वर सुवाच्य लिहिलं, "कोरोक्के. विकतचे." दुसऱ्या पानावर, "भात, कच्चं अंडं." तिसऱ्यावर, "पुन्हा कोरोक्के." मिहो फडकं हातात धरून थिजली. "आई?" किनुए मान वर न करता म्हणाली, "थांब. मधेच बोललीस तर चुकेल." एकसुद्धा पान सोडलं नाही बाईनं. मी असते तर दोन पानांत आटोपलं असतं, पण ही किनुए. चहा दोनदा गार झाला.

जानेवारीच्या शेवटापासूनची पानं तिनं नुसती उलटली. ते सगळं तिनं खरोखर केलं होतं, तिथे खोडण्यासारखं काही नव्हतं. फेब्रुवारीतल्या एका पानावर ती थांबली. तारीख घातलेली, बाकी आठही रकाने कोरे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला लिहिता आलंच नव्हतं. मग "काल रात्रीचं जेवण" या रकान्यात, त्याच सुंदर अक्षरात, तिनं लिहिलं, "भाजलेला बांगडा, पालक, सूप. सगळं केलं. शुहेईला आणायला विसरले."

वही मिहोपुढे सरकवली. मिहोनं वाचलं. पुन्हा वाचलं. "मग यांना घरी कुणी आणलं?"

"हिनं," किनुए म्हणाली आणि पेन माझ्याकडे केलं. "हिला अजून धड मासा भाजता येत नाही."

मिहो रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. फडकं तिच्या हातातून कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही.

चाळीस वर्षं छातीत धरलेलं माझ्याही तोंडून बाहेर पडलं. म्हटलं, "किनुए, त्याच्या आधीचा तो टोमणाही मीच मारला होता. लिहायचंच आहे तर तेही लिही त्यात."

किनुएनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, वही मिटली आणि वडीची बशी माझ्यापुढे सरकवली.

"रकान्यात जागा नाही," ती म्हणाली. "खा."